भिजणारं घर, वाळणारं घर



जुलै उजाडला की या सांगलीत एकमेकांना विचारायचा प्रश्न ठरलेला असतो : ‘आयर्विनला किती?’ म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर? चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका, हे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये तो आकडा ५७ फुटांच्या वर गेला. २००५चा विक्रम मोडला, आणि मग २०२१ला पुन्हा पन्नाशी ओलांडली. कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्याचे आकडे असेच तोंडावर सांगतात : ३९ इशारा, ४३ धोका. पाण्याची उंची मोजण्यात आपण तरबेज आहोत. कितीतरी घरांच्या भिंतींवर रंगाने रेघ ओढून साल लिहिलेलं असतं.

माझी तक्रार त्या रेघेबद्दल आहे. पाणी कुठवर आलं ते तिच्यावरून कळतं. किती दिवस राहिलं ते कळत नाही. घर बांधणाऱ्याला, निदान साहित्य निवडताना, यातली दुसरी गोष्ट जास्त हवी असते.

एक खुलासा आधीच करतो. अलमट्टी धरणाचा विषय मी आज काढणार नाही. तो काढला की सभा रात्री बारापर्यंत चालते आणि कुणाचीही भिंत वाळत नाही. धरणं, विसर्ग, पूररेषा यांवर बोलणारे अधिकारी लोक आहेत. मी बांधकामातला माणूस आहे. मी विटा, गिलावा, चौकटी आणि फरशीबद्दल बोलणार.

महाराष्ट्रातले तीन पूर शेजारी शेजारी ठेवून पाहा. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्यानेही दम सोडला आणि पुण्यात पाण्याचा लोंढा शिरला. ते पाणी काही तासांचं पाहुणं होतं, पण वेगाने आलं आणि नदीकाठच्या पेठांतल्या मातीत बांधलेल्या भिंती घेऊन गेलं. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत वरच्या मजल्यापर्यंत चढलं, एक-दोन दिवसांत उतरलं आणि मागे ठेवून गेलं तो चिखल. आणि आपल्याकडे, कृष्णाकाठी, २०१९ला पाणी सावकाश चढलं आणि आठवड्याहून अधिक काळ बसून राहिलं. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ किती दिवस बंद होता ते आठवा.

तिन्हींना आपण महापूरच म्हणतो, पण घराच्या दृष्टीने ही तीन वेगळी दुखणी आहेत. पहिल्यात भिंत ढकलली जाते. दुसऱ्यात घर गाळाने भरतं. तिसऱ्यात भिंत आतपर्यंत पाणी पिते. औषध एकच कसं चालेल?

अमेरिकेत फेमा नावाची सरकारी आपत्ती व्यवस्थापन संस्था आहे. पुराला टिकणारं साहित्य कोणतं, याची तिने एक व्याख्या केली आहे : पुराच्या पाण्यात सलग किमान ७२ तास राहूनही ज्याचं मोठं नुकसान होत नाही, ते. मोठं नुकसान म्हणजे वरवरच्या डागडुजीने भागत नाही असं. व्याख्या चांगली आहे, कारण ती ‘वॉटरप्रूफ’ असला भोंगळ शब्द वापरत नाही, तास सांगते. पण बहात्तर तास म्हणजे तीन दिवस. चिपळूणला ती व्याख्या पुरेल. सांगलीवाडीला, शिरोळ तालुक्याला, ब्रह्मनाळसारख्या गावांना तीन दिवसांत पाणी ओसरायला लागलं तरी लोक देवाला नारळ फोडतील. तेव्हा बाहेरचं कोष्टक उचलून आपल्या भिंतीला लावण्याआधी आपलं घड्याळ पाहायला हवं.

आता भिंतीकडे येऊ. बहुतेकांची पहिली इच्छा असते की पाणी आत येऊच नये. दारावर फळ्या, खिडक्यांना सील, बाहेरून रासायनिक लेप. गुडघाभर पाण्यासाठी हे ठीक आहे. त्याच्या पुढे मात्र गणित फिरतं. भिंतीला एका बाजूने एक मीटर पाणी लागलं तर भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर साधारण अर्ध्या टनाचा दाब पडतो. पाणी दोन मीटर झालं तर दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो : दोन टन. तीन मीटरला साडेचार टन. आणि आपली नऊ इंची विटांची, तीन मीटर उंचीची भिंत स्वतः किती वजनाची? मीटरला जेमतेम सव्वा टन. त्यातही जो भाग पाण्यात बुडतो त्याचं वजन आर्किमिडीजच्या नियमाने जवळजवळ निम्म्यावर येतं. म्हणजे भिंतीने पाय रोवून उभं राहायचं त्याच वेळी ती हलकी झालेली असते.

म्हणून पाणी कमरेच्या वर जाणार असेल तर ते घरात येऊ द्यावं. आत-बाहेर पातळी सारखी झाली की दाब फिटतो आणि भिंत उभी राहते. हे सांगितलं की लोकांचा चेहरा उतरतो, पण आपल्या पूर्वजांना त्यात अपमान वाटला नव्हता. नृसिंहवाडीचं देऊळ घ्या. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाला लागून बांधलेलं, दर पावसाळ्यात बुडणारं. उत्सवमूर्ती वर नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात, पाणी एका दाराने आत शिरतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडतं. त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि स्नानाला गर्दी करतो. भाविक त्यात देवाची कृपा पाहतात, मी त्यात रचनाही पाहतो : पाण्याला यायला वाट, जायला वाट, भिजून न बिघडणारा दगड आणि बिघडणारी वस्तू वेळेवर वर नेण्याची शिस्त. पूरक्षेत्रातल्या घराच्या तळमजल्याला याहून चांगला नमुना मी शोधला नाही.

घरात पाणी येणारच, हे एकदा मान्य केलं की साहित्याला विचारायचा प्रश्न बदलतो. भिजणार सगळंच; मग कोणतं साहित्य वाळल्यावर होतं तसं राहतं? आणि वाळायला त्याला किती वेळ लागतो?

मातीच्या भिंतीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त पडतात त्या याच. आपल्या भागात नदीकाठच्या गावांत अजून कच्च्या विटांची, पांढऱ्या मातीत रचलेली घरं आहेत. उन्हाळ्यात गार, बांधायला स्वस्त, आणि नुसत्या पावसाला छपराच्या पागोळ्या लांब असल्या की वर्षानुवर्षं टिकणारी. पण पावसाने भिजणं वेगळं आणि बुडणं वेगळं. हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीखालची ती कोठारं हळद वर्षानुवर्षं कोरडी ठेवायची. २००५चा पूर आला आणि त्यातली कितीतरी निकामी झाली. जी माती ओल रोखते ती तुंबलेलं पाणी रोखतेच असं नाही.

कच्च्या भिंती पुष्कळदा पाणी असताना उभ्या असतात आणि उतरल्यावर पडतात. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, पण कारण सरळ आहे. पाणी असतं तोवर दोन्ही बाजूंनी आधार असतो. पाणी झपाट्याने उतरतं, भिंतीतलं मात्र तिथेच असतं. ती जड झालेली, आतला चिकटपणा गेलेला आणि आधार निघून गेलेला. त्यात कडक ऊन पडलं की बाहेरचा थर आकसतो आणि भेगा जातात. म्हणून पाणी उतरल्या उतरल्या सामान काढायला अशा घरात घुसू नका, पोरांना तर अजिबात पाठवू नका.

मग मातीचं घर बांधूच नये का? असं मी म्हणणार नाही. सगळ्यांना पक्कं घर परवडतं हे गृहीत धरून भाषण देणं सोपं असतं. जोत्यापासून खिडकीच्या तळापर्यंतचा भाग तरी दगडात किंवा भाजलेल्या विटेत, सिमेंटच्या मालात बांधावा. त्याच्या वर मातीच हवी असेल तर मातीत थोडं सिमेंट मिसळून यंत्राने दाबलेल्या विटा मिळतात. ओल्या असताना त्या कमजोर होतात, पण कच्च्या विटेसारख्या विरघळत नाहीत. चार फुटांचा हा पट्टा घर पूर्ण पडणं आणि घर खराब होणं यांतला फरक असू शकतो.

भाजलेली वीट. आपल्या नदीकाठची वीट प्रसिद्ध, पण वीट-विटेत फार अंतर असतं. भारतीय मानकाप्रमाणे साध्या विटेने चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवल्यावर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. वरच्या प्रतीच्या विटेला ही मर्यादा १५ टक्के आहे. ही तपासणी घरी करता येते. भट्टीवरून पाच विटा आणा, कोरड्या असताना वजन करा, रात्रंदिवस बादलीत बुडवा, पुसून पुन्हा वजन करा. तीन किलोची वीट साडेतीनच्या आत राहिली तर उत्तम. चारकडे झुकली तर ती भट्टी सोडा. दोन विटा एकमेकींवर आपटल्या की खणखणीत आवाज यायला हवा, हे गवंडी सांगतात ते बरोबरच आहे. पण गवंड्याला आवाज ऐकवून आणि मालकाला भाव ऐकवून विकलेली वीट मी पाहिली आहे, म्हणून वजनकाटा बरा.

काळा दगड, आपला बेसॉल्ट, जवळजवळ पाणी पीतच नाही. १९२९पासून आयर्विन पूल त्या पाण्यात उभा आहे, घाट त्याहून जुने आहेत. आज अख्खं घर दगडात बांधणं परवडत नाही, कारण तो घडणारे हात कमी झाले. जोत्यापुरता तरी तो सोडू नये. कोकणात जांभ्याचा चिरा असतो. तो सच्छिद्र, पाणी भरपूर पिणारा, पण विरघळत नाही आणि छिद्रं मोठी असल्याने सोडतोही. चिपळूणच्या बाजूला जांभ्याच्या भिंतींना खरा त्रास होतो तो त्यांच्यावर चढवलेल्या गुळगुळीत आवरणांचा. हलक्या पांढऱ्या ब्लॉकची, ज्याला एएसी म्हणतात, सध्या चलती आहे. उंच इमारतीत वरच्या मजल्यांवर तो छान आहे. आठवडाभर बुडणाऱ्या तळमजल्यात मी तो वापरणार नाही : पाणी पितो, आणि सोडायला फार वेळ घेतो.

आणि हे सगळं ज्याच्यावर उभं आहे ती आपली काळी माती. ती भिजली की फुगते, वाळली की भेगाळते. जोत्यात भराव म्हणून तीच ढकलली तर पूर गेल्यावर फरशी कुबड काढते आणि मालक फरशीवाल्याला शिव्या देतो. भराव मुरमाचा, थराथराने पाणी मारून ठोकलेला. हा खर्च दिसत नाही म्हणून सगळ्यात आधी तोच कापला जातो.

आता गिलावा आणि रंग, म्हणजे जिथे आपण स्वतःच्या हाताने घर आजारी पाडतो. पीओपी म्हणजे जिप्सम. पाणी लागलं की मऊ पडतं, थोडं विरघळतंही. तळमजल्यावर ते भिंतीला नको, छतालाही नको. सिमेंटचा गिलावा चालतो. चुन्याचा त्याहून बरा, पण घाणीत चुना मळणारा गवंडी आता शोधावा लागतो. चुन्याचं वैशिष्ट्य असं की तो भिंतीला श्वास घेऊ देतो, आतली ओल बाहेर पडते, आणि त्याच्या अल्कधर्मी गुणामुळे बुरशी लवकर धरत नाही. आजी दरवर्षी दिवाळीला भिंतीला चुना काढायची तो गरिबीचा उपाय नव्हता. आपण त्याच भिंतीवर पुट्टीचे हात मारतो, वर धुता येणारा चकचकीत प्लास्टिक रंग देतो. बाहेरून पाणी अडतं, आणि आतलंही अडतं. मग सहा महिन्यांनी पोपडे, खाली लोणा, आणि ‘रंगच डुप्लिकेट होता’ हा निकाल.

पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये आणि दिवाळी येते ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. या दोन तारखांनी या गावातल्या जितक्या भिंती खराब केल्या असतील तितक्या पाण्याने केल्या नसतील. नऊ इंची भिंत आतून सुकायला कित्येक महिने घेते, आणि त्यातले पहिले दोन महिने हवाच ओली. पण दिवाळीला घर रंगवलेलं हवं! पुरात सगळं गेलेल्या माणसाला पणतीच्या उजेडात भिंत उजळ दिसावी असं वाटतं, हे मला कळतं. तेव्हा एक करा : दिवाळीला नुसता चुना काढा. खराखुरा रंग पुढच्या उन्हाळ्यात. लावण्याआधी हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीवर बंद करा आणि दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला दव साचलं असेल तर भिंत अजून ओली आहे. रंगाऱ्याची मुदत गेली तरी चालेल.

लाकडाबद्दल थोडं. अस्सल लाकूड बुडून मरत नाही. सतत भिजणं-वाळणं त्याला मारतं. पूर्ण पाण्याखाली, हवा नसताना, ते फार काळ टिकतं. विहिरी बांधणारे जुने लोक तळाला जांभळाचं लाकूड घालायचे ते म्हणूनच. सागवानी चौकट पुरात फुगते, दार अडकतं, पण सावलीत सावकाश वाळू दिली तर बहुधा पुन्हा बसते. उन्हात टाकलीत तर वाकते. खरी अडचण लाकडाच्या नावाखाली येणाऱ्या गोष्टींची आहे. दुकानात ज्याला ‘कमर्शियल प्लाय’ म्हणतात तो दमट हवेपुरता आहे, बुडण्यासाठी नाही. मरीन प्लायचं वेगळं मानक आहे आणि त्यात तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून डिंक सुटतो का ते पाहतात. पुन्हा बहात्तर तास! पण ती परीक्षा डिंकाची आहे. वरचा सनमायका, कडेच्या पट्ट्या, बिजागऱ्या त्या परीक्षेला बसलेल्या नसतात. आणि एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड हे चहात बुडवलेल्या टोस्टसारखं आहे, एकदा फुगलं की त्याचं काही करता येत नाही.

मॉड्युलर किचन म्हणून आपण जे बसवतो ते बहुतेक याच बोर्डाचं असतं. त्याआधी आपल्याकडे काय होतं? कडप्प्याचा ओटा आणि खाली कडप्प्याच्याच फळ्या. मुली सासरी गेल्यावर ‘आमच्याकडे अजून कडप्पाच आहे’ असं जरा लाजून सांगत. पूर आला तर त्या फळ्या पाण्याने धुवायच्या आणि डबे पुन्हा मांडायचे, इतकंच. तळमजल्याच्या स्वयंपाकघरात दाराऐवजी पडदा आणि बोर्डाऐवजी कडप्पा असेल तर त्या घराची चेष्टा करू नका. जमिनीला शहाबादी किंवा कोटा, दाराला भरीव पीव्हीसी किंवा फायबरचं पान, खिडकीला ॲल्युमिनियम. दिसायला ही यादी रुक्ष आहे. पण आसाममधल्या माजुलीतले मिसिंग लोक खांबांवर चांगघर उभं करून बांबूच्या तट्ट्यावर राहतात, ते शोभेसाठी नव्हे. दरवर्षी येणाऱ्या ब्रह्मपुत्रेला ओळखून. आपण कृष्णेला ओळखतो, पण घर मात्र पुण्याच्या फ्लॅटची नक्कल करून सजवतो.

वायरिंग. हे भिंतीच्या आत असल्यामुळे विसरलं जातं. तारा छताकडून खाली उतरवा, जमिनीतून वर चढवू नका. बोर्ड छातीच्या उंचीला, तळमजल्याचं सर्किट वरच्यापासून वेगळं, गळती ओळखून बंद होणारं स्विच त्यावर. मीटर जिथे बसवतात तिथे २०१९ची रेघ कुठे होती ते विचारा. याचा खर्च फरशीच्या एका खोलीएवढाही नसतो. संडासाच्या नळीला उलटं पाणी रोखणारी झडप बसवा. घरात सगळ्यात आधी आणि सगळ्यात घाण पाणी दाराने येत नाही, तिथून येतं.

या सभागृहात पुस्तकांवर प्रेम करणारे लोक बसलेत म्हणून हेही. २०१९ला इथल्या नगर वाचनालयाचं, आणि २००५ला नि २०२१ला चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचं पुरात काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. कागदाला पर्यायी साहित्य नाही. पुराच्या गावात वाचनालय तळमजल्यावर असू नये, आणि असलंच तर खालच्या तीन फळ्यांवर ज्यांच्या दुसऱ्या प्रती बाजारात मिळतात तीच पुस्तकं असावीत. कुठल्या लेखकांना खाली ठेवायचं हा वाद समितीने घालावा.

शेवटी पैशाचा मुद्दा, कारण इथून बाहेर पडताना प्रत्येकजण त्याचाच विचार करणार. पूर येऊन गेलेलं, बांधून झालेलं घर असेल आणि हातात थोडेच पैसे असतील तर क्रम असा धरा : आधी वायरिंग वर घ्या, मग ती झडप, मग तळमजल्याची दारं आणि ओट्याखालचं लाकूड बदला, मग पुढच्या वेळी रंग काढायचा असेल तेव्हा पुट्टी खरवडून चुना. भिंत पाडून नवी बांधण्याच्या मागे लागू नका, ती उभी असेल तर. नवं घर बांधणाऱ्यांनी मात्र उलट करावं; पैसा आधी जोतं, भराव आणि खालच्या चार फुटांच्या भिंतीत घालावा, वरचं पुढे होत राहतं. भाड्याने राहणाऱ्यांना यातलं फारसं काही करता येत नाही, आणि पुरात सगळ्यात जास्त जातं ते त्यांचंच, कारण तळमजले भाड्यालाच दिले जातात. त्यांच्या घरमालकांपैकी काही आज समोर आहेत.

पंचनाम्याचंही बोलायला हवं. सरकारी मदत ठरते ती घर कच्चं की पक्कं आणि पूर्ण पडलं की अंशतः, यावर. पंधरा टक्क्यांहून कमी नुकसान हिशेबातच येत नाही. फुगलेली दारं, विझलेलं वायरिंग, लोणा लागलेली भिंत या गोष्टी अशा मोजणीत निसटतात. पंचनाम्याच्या कागदावर आणखी दोन रकाने असावेत असं मला वाटतं : पाणी किती दिवस होतं, आणि भिंत, दार, फरशी कशाची होती. तलाठी भाऊसाहेबांचं काम पाच मिनिटांनी वाढेल. पण दोन पूर अशा नोंदी झाल्या तर कुठल्या गल्लीत काय टिकलं हे आपल्याला आपल्याच आकड्यांवरून सांगता येईल, अमेरिकेच्या बहात्तर तासांवरून नव्हे. हे रकाने येईपर्यंत ज्या घरांवर पुराची रेघ आहे त्यांनी सालाशेजारी दिवस लिहायला हरकत नाही. रंगाचा डबा माळ्यावर असतोच.

माझी वेळ संपली आहे, आणि काहीजणांनी भिंतींचे फोटो मोबाइलवर काढून आणलेले मला इथून दिसताहेत. ते पाहतो. फक्त फोटो दाखवण्याआधी पाणी किती दिवस होतं ते सांगा.